लेझर वेल्डिंग: सांधा बसवण्यापासून जोड कापून तपासण्यापर्यंत

टिगवर, म्हणजे टंगस्टनच्या टोकातून निघणाऱ्या विजेच्या आर्कनं होणाऱ्या वेल्डिंगवर, हात बसलेला माणूस पहिल्यांदा लेझरची गन हातात घेतो, तेव्हा अर्ध्या तासात त्याची बीड, म्हणजे जोडाची धातूची रेघ, चकचकीत यायला लागते. पत्रा वाकत नाही, घासकाम जवळजवळ उरत नाही. मग तोच जोड आडवा कापून पॉलिश करून बघितला की कळतं, वर दोन मिमी रुंद दिसणारी बीड आत जेमतेम अर्धा मिमी उतरली आहे, आणि तीही सांध्याच्या रेषेच्या बाजूला. लेझर वेल्डिंगची खरी अडचण हीच आहे, की चुकलेला जोडही देखणा दिसतो. म्हणून या लेखात मशीनच्या स्क्रीनपेक्षा जास्त जागा किरण सुटण्याआधीच्या तयारीला आणि नंतरच्या तपासणीला दिली आहे.

किरण धातूत काय करतो

लेझरमागचं तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडलं. पहिला चालता लेझर थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाचा स्फटिक वापरून केला. १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांचा कार्बन डायऑक्साइड लेझर आला आणि त्याच वर्षी तिथेच एनडी-यॅग (निओडिमियम मिसळलेल्या स्फटिकाचा) लेझरही तयार झाला. पुढची काही दशकं कारखान्यांतलं लेझर वेल्डिंग मुख्यतः या दोघांवर चाललं. आजचं नवं मशीन बहुतेक वेळा फायबर लेझरचं असतं. त्याची तरंगलांबी १०७० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि किरण बारीक काचेच्या तंतूतून थेट गनपर्यंत येतो. दिव्यावर चालणाऱ्या जुन्या यॅग लेझरमध्ये विजेचा जेमतेम २ ते ४ टक्के भाग किरणात उतरायचा. फायबर लेझरमध्ये तो ३० टक्क्यांच्या वर जातो.

पुढचं सगळं समजायला एक हिशेब उपयोगी पडतो. तंतूचा गाभा १०० मायक्रॉन, किरण समांतर करणारं भिंग ७५ मिमीचं आणि फोकसचं भिंग १५० मिमीचं असेल, तर जॉबवर पडणारा ठिपका १०० × १५० ÷ ७५, म्हणजे २०० मायक्रॉनचा होतो. या ०.२ मिमीच्या ठिपक्यात २००० वॅट ओतले, की दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६४ लाख वॅट पडतात.

पोलादासाठी ही तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० लाख वॅटच्या खाली असेल, तर धातू फक्त पृष्ठभागावर वितळतो आणि उष्णता हळूहळू आत झिरपते. जोड उथळ, रुंद आणि गुळगुळीत येतो. याला कंडक्शन मोड म्हणतात. त्या पातळीच्या वर धातूची वाफ होऊ लागते. वाफेच्या दाबानं वितळलेल्या धातूत एक अरुंद खोल भोक तयार होतं, किरण त्या भोकाच्या भिंतींवर आपटत आपटत आत जातो, आणि भोक पुढे सरकलं की मागून धातू येऊन ते भरतं. हा कीहोल मोड. खोल जोड यातूनच मिळतो, आणि सच्छिद्रता, स्पॅटर (उडणारे धातूचे थेंब), अंडरकट (बीडच्या कडेला पडणारी खाच) यांसारखे बहुतेक दोषही हे भोक अस्थिर झालं की येतात.

उष्णता किती कमी लागते तेही आकड्यांत बघा. २ मिमी स्टेनलेस पत्र्यावर टिगनं ८० अँपिअर, ११ व्होल्ट आणि सेकंदाला २.५ मिमी वेग धरला, तर दर मिमी लांबीला साधारण ३५० जूल पडतात. १५०० वॅटचा लेझर सेकंदाला २० मिमी वेगानं फिरवला तर ७५ जूल. जवळजवळ पाचपट फरक. पत्रा वाकत नाही तो यामुळे. पण याची दुसरी बाजू अशी, की टिगमध्ये वितळलेल्या धातूचं मोठं डबकं फट भरून काढतं. लेझरमध्ये ते डबकं इतकं लहान असतं, की फटीला द्यायला त्याच्याकडे धातूच नसतो.

हे काम लेझरचं आहे का?

मशीन सुरू करण्याआधी हा प्रश्न विचारा. पातळ पत्रा, लांब सरळ सांधा, एकसारखे कापलेले भाग, वाकणं अजिबात चालणार नाही असा जॉब, किंवा जोडापासून काही मिमीवर रबरी सील अथवा इलेक्ट्रॉनिक्स असलेला भाग, ही लेझरची कामं. पेसमेकरचं टायटॅनियमचं कवच हवाबंद करताना आतल्या बॅटरीला आणि सर्किटला उष्णता लागू द्यायची नसते, म्हणून तिथे पल्स लेझर, म्हणजे अखंड न चालता क्षणाक्षणाच्या ठोक्यांत सुटणारा लेझर, वापरतात. साच्याच्या झिजलेल्या कडेवर पल्स लेझर आणि अगदी बारीक तारेनं भर घालतात, ती याच कारणानं.

मोटार उद्योगात तर लेझर सगळीकडे आहे. वेगवेगळ्या जाडीचे पत्रे आधी जोडून मग प्रेसमध्ये दाबायचे, छत आणि बाजूच्या पत्र्याचा सांधा भरायचा, गिअर त्याच्या शेजारच्या भागाला जोडायचा, अशी कामं त्यावर होतात. विजेवरच्या गाड्यांनी यात मोठी भर घातली. बॅटरीच्या अ‍ॅल्युमिनियम डब्याचं झाकण, सेल जोडणाऱ्या पट्ट्या, मोटरमधल्या हेअरपिनसारख्या वाकवलेल्या तांब्याच्या तारांची टोकं, हे सगळं लेझरवर जोडलं जातं. विमानांत एअरबस ए३१८ च्या सांगाड्याच्या खालच्या भागात पत्र्याला आधार देणाऱ्या पट्ट्या रिव्हेटऐवजी लेझरनं जोडल्या आहेत. जहाजबांधणीत जाड पत्र्यांसाठी लेझर आणि मिग (सतत पुढे सरकणाऱ्या तारेचं आर्क वेल्डिंग) एकाच डबक्यात चालवतात. लेझर खोली देतो आणि मिगची तार फट भरते. या हायब्रिड पद्धतीत दोन्हींच्या उणिवा एकमेकांत भागतात, आणि मला ती फार समजूतदार जोडणी वाटते.

नको कुठे? हातकरवतीनं किंवा ग्राइंडरनं कापलेल्या वेड्यावाकड्या कडा, गंजलेला जुना माल, जाड सेक्शनचं दुरुस्तीकाम, उघड्यावर वाऱ्यातलं काम. अशा ठिकाणी मिग किंवा साधा रॉड बरा. हाताच्या १५०० वॅटच्या गननं एका फेरीत साधारण ३ मिमी स्टेनलेसपर्यंत भरवशाचं काम होतं. त्यापुढचा दावा कोणी केला, तर जोड कापून दाखवायला सांगा.

डोळे आणि आसपासची माणसं

अर्ध्या वॅटपेक्षा जास्त अखंड शक्तीचा लेझर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो. आपली गन १५०० वॅटची आहे, त्या मर्यादेच्या ३००० पट. १०७० नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग तो थेट दृष्टिपटलावर साधारण लाख पटीनं एकवटतं. किरण सरळच यायला हवा असंही नाही. चकचकीत पत्र्यावरून परावर्तित झालेला किरण काही मीटरवर उभ्या माणसाचा डोळा कायमचा घालवू शकतो.

म्हणून गन चालवायची ती बंदिस्त, लेझर अडवणाऱ्या भिंतींच्या किंवा पडद्यांच्या खोलीत. दाराला असा स्विच हवा, की दार उघडलं की किरण बंद. आत असलेल्या प्रत्येकाला, नुसतं बघायला आलेल्यालाही, मशीनच्या तरंगलांबीसाठी प्रमाणित चष्मा हवा. चष्म्यावर तरंगलांबीचा पट्टा आणि ओडी, म्हणजे किरण किती अडतो ते सांगणारा आकडा, छापलेला असतो. ओडी ७ म्हणजे किरण एक कोटी पट कमी होतो. टिगची काळी काच किंवा ऑटो-डार्क हेल्मेट या कामाचं नाही, कारण ती काच या किरणासाठी तपासलेली नसते. चष्म्याच्या वर लेझरसाठी तपासलेल्या काचेचं हेल्मेट घाला, कारण वाफेच्या झोताचा प्रखर उजेड आणि उडणारे कण वेगळेच असतात.

हाताच्या गनमध्ये एक चिमटा जॉबला लावायचा असतो. नोझल जॉबला टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि मगच किरण सुटतो. हात मोकळा राहावा म्हणून हा चिमटा नोझललाच लावून ठेवण्याची सवय मी पाहिली आहे. मग गन कुठेही वळली तरी किरण सुटू शकतो. असं करणाऱ्याच्या हातून गन काढून घ्यावी, त्यात भीड बाळगू नये.

धूर दिसायला कमी असला तरी तो अतिशय बारीक कणांचा असतो. स्टेनलेसच्या धुरात कॅन्सरला कारण ठरणारं सहासंयुजी क्रोमियम असतं. धूर ओढणारा पाइप जोडाच्या जवळ ठेवा आणि तोंडावर कणरोधक मास्क लावा.

सांधा तयार करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

समोरासमोरच्या सांध्यात तार न वापरता काम करायचं असेल, तर फट पातळ पत्र्याच्या जाडीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. १ मिमी पत्र्याला ०.१ मिमी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन सांध्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये तपासा, कारण मधेच फट उघडणं हे नेहमीचं आहे. पत्रा लेझरवर कापलेला असेल तर कड चांगली मिळते, पण खालची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कोर, काढावीच लागते. कात्रीवर कापलेल्या कडेला एका बाजूनं गोलाई असते. दोन्ही पत्र्यांची गोलाई वरच्या बाजूला आली, की तिथे खाच तयार होते आणि बीड खाली बसते. एका पत्र्याची गोलाई वर आणि दुसऱ्याची खाली येईल असे पत्रे ठेवले, तर हा त्रास निम्मा होतो.

क्लॅम्प सांध्यापासून जितके जवळ नेता येतील तितके न्या. खाली तांब्याची पट्टी असेल तर ती उष्णता ओढते आणि जोडाच्या मुळाला, म्हणजे तळाला, आधार देते. टॅक, म्हणजे पत्रे जागेवर धरणारे छोटे जोड, लहान पण जवळजवळ मारा. पातळ पत्र्यावर दर २० ते ३० मिमीला एक. टिगच्या सवयीनं १०० मिमीवर टॅक मारले, की बीड पुढे सरकते तशी पुढची फट उघडत जाते.

स्वच्छतेत आळस नको. तेल, शीतक द्रव, मार्करची शाई, बोटांचे ठसे यांच्यातला हायड्रोजन आणि कार्बन जोडात छिद्रं करतो. अ‍ॅसिटोननं दोन्ही बाजू आणि कापलेली कडसुद्धा पुसा, पण अ‍ॅसिटोन पूर्ण उडाल्याशिवाय किरण सोडू नका, आणि ओल्या चिंध्या खोलीबाहेर झाकणाच्या डब्यात टाका. अ‍ॅल्युमिनियमवर स्टेनलेसच्या वेगळ्या ब्रशनं ऑक्साइड काढा. तो ब्रश पोलादावर कधीही फिरवू नका.

मशीन जुळवणं

आधी भिंगापुढची संरक्षक काच काढून तिरक्या उजेडात बघा. त्यावर एक बारीक काळा ठिपका असला तरी तो किरण शोषतो, काच तापते, फोकस सरकतो आणि दुपारपर्यंत सकाळची सेटिंग निरुपयोगी होते. ठिपका दिसला की काच बदला. ही काच बदलताना पंखा बंद ठेवा, कारण आत शिरलेली धूळ पुढच्या महागड्या भिंगावर बसते. चिलरचं (लेझर थंड ठेवणाऱ्या यंत्राचं) पाणी फार थंड ठेवण्याचा मोह टाळा. दमट हवेत पाण्याचं तापमान दवबिंदूच्या खाली गेलं, की भिंगावर आणि लेझरच्या आत ओल धरते.

मग मध्य तपासा. नोझलच्या तोंडाला कागदी चिकटपट्टी लावा आणि अगदी कमी शक्तीचा क्षणभराचा पल्स मारा. भोक नोझलच्या बरोबर मध्ये पडलं पाहिजे. वॉबल, म्हणजे किरण आपोआप आडवा झुलवण्याची सोय, बंद ठेवून हे करा.

फोकस शोधायला रोबोटवर किंवा टेबल मशीनवर एक सपाट पट्टी तिरकी ठेवा आणि तिच्यावर कमी शक्तीनं एक लांब रेषा मारा. रेषा जिथे सगळ्यात बारीक, तिथे फोकस. हाताच्या गनवर नोझलच्या नळीवरचे आकडे एकेक पायरीनं बदलत एकाच वेगानं छोट्या रेषा मारा आणि सगळ्यात अरुंद, खोल रेषा कुठे येते ते लिहून ठेवा. पातळ पत्र्याला फोकस पृष्ठभागावर चालतो. जाडीत खोल जायचं असेल तर तो थोडा आत उतरवतात.

गॅससाठी आर्गॉन सगळ्यांना चालतो. ३०४ किंवा ३१६ सारख्या स्टेनलेसला नायट्रोजनही चालतो, पण टायटॅनियमला नाही. प्रवाह साधारण मिनिटाला १० ते २० लिटर. जास्त गॅस म्हणजे जास्त संरक्षण, हा समज चुकीचा आहे. झोत घुसळायला लागला की तो बाहेरची हवा आत ओढतो. एकदा स्टेनलेसच्या जोडात छिद्रं येत होती आणि आम्ही दोन दिवस शक्ती, वेग, फोकस बदलत बसलो. शेवटी दोष निघाला गॅसच्या नळीच्या ढिल्या जोडणीत, जिथून हवा शिरत होती. तेव्हापासून छिद्र दिसलं की आधी साबणाच्या पाण्यानं नळ्या तपासतो, मग सेटिंगला हात लावतो.

पहिली सेटिंग कशी काढायची

जॉबच्याच मालाचे, त्याच जाडीचे तुकडे घ्या. समजा २ मिमी स्टेनलेस, समोरासमोर सांधा, १५०० वॅटची हाताची गन. वॉबलची रुंदी १.५ ते २ मिमी धरा, शक्ती १००० वॅटपासून सुरू करा आणि हाताचा वेग स्थिर ठेवा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला:

१. शक्ती १०० वॅटनं वाढवत जा. मागच्या बाजूला सलग, बारीक, एकसारखी रेषा दिसली की थांबा.
२. ती शक्ती कायम ठेवून वेग थोडा वाढवा, मागची रेषा तुटेपर्यंत. मग एक पायरी मागे या.
३. वॉबलची रुंदी कमी-जास्त करून वरची बीड बघा. रुंदी वाढवली की फट सहन होते, पण खोली घटते, त्यामुळे मागची रेषा पुन्हा तपासा.
४. फट टाळताच येत नसेल तरच तार लावा. तारेचा वेग हाताच्या वेगाशी जुळला नाही, तर तार न वितळता डबक्याला ढकलते किंवा टोकाला गोळा होऊन लटकते.

हात पुढे-मागे हलवू नका, झुलवण्याचं काम वॉबल करतो. शेवटी गन झटकन उचलू नका. शेवटी शक्ती हळूहळू उतरवण्याची सोय चालू ठेवा, नाहीतर टोकाला खड्डा आणि त्यात बारीक तडा राहतो.

धातूनुसार

साध्या पोलादात कार्बन सुमारे ०.३ टक्क्यांच्या वर गेला, की लेझरचा जोड इतक्या झपाट्यानं निवतो, की तो कडक आणि ठिसूळ होतो. आधी तापवणं किंवा दुसरा माल निवडणं हाच उपाय. स्टेनलेसमध्ये ३०४एल आणि ३१६एल सरळ चालतात, पण सहज कापलं जावं म्हणून गंधक मिसळलेलं ३०३ हमखास तडकतं. ड्रॉइंगवर नुसतं स्टेनलेस लिहिलेलं असेल, तर ग्रेड विचारल्याशिवाय काम घेऊ नका.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा एकावर एक ठेवून जोडायचा असेल, तर इथे मात्र फट मुद्दाम ठेवावी लागते. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे पोलाद वितळायच्या आधीच मधलं जस्त वाफ होऊन वितळलेला धातू उडवून लावतं. दोन पत्र्यांत ०.१ ते ०.२ मिमी जागा ठेवली की वाफ बाजूनं निघते. मोठ्या कारखान्यांत लेझरनंच बारीक उंचवटे उठवून ही जागा राखतात.

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्यावरचं ऑक्साइड २०५० अंशांच्या वर, म्हणून घासणं अटळ. ६०६१ सारखा ६००० मालिकेतला माल तारेशिवाय जोडला की मध्यरेषेत तडकतो. ४०४३ किंवा ४०४७ ची सिलिकॉनयुक्त तार वापरा.

तांबं थंड असताना १०७० नॅनोमीटरचा सुमारे ९५ टक्के प्रकाश परत फेकतं. किरण लंब पडला तर तो उलट येऊन लेझरलाच इजा करू शकतो, म्हणून गन थोडी तिरकी धरा. निळा लेझर, ४५० नॅनोमीटरचा, तांबं कितीतरी जास्त शोषतं. बॅटरीच्या कामात निळ्या आणि हिरव्या लेझरला मागणी आली ती यामुळे. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना जोडताना दोन्ही जितके कमी मिसळतील तितकं चांगलं, कारण त्यांच्या मिश्रणातून ठिसूळ संयुगं होतात.

टायटॅनियमला बीडवरच नव्हे, तर तिच्या मागे, ती सुमारे ४०० अंशांखाली येईपर्यंत, आर्गॉनचं पांघरूण हवं. मागची बाजूही झाका. चंदेरी रंग म्हणजे काम ठीक, निळा म्हणजे हवा लागली, पांढरी पूड दिसली तर तो भाग कापून टाका.

जोड कापून बघा

नवीन जॉबचा पहिला तुकडा, आणि पुढे दर पाळीला किमान एक तुकडा, कापला गेला पाहिजे. जोडाला आडवा छेद घ्या. कापताना तो तापू देऊ नका. पॉलिश पेपरनं जाड्यापासून बारीकपर्यंत घासा. साध्या पोलादावर नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं द्रावण) लावलं की जोडाची हद्द स्पष्ट दिसते. हे द्रावण आम्लाचं आहे, हातमोजे घालूनच लावा. मग भिंगाखाली खोली, रुंदी, मध्यरेषा, छिद्रं आणि अंडरकट मोजा. स्वीकारायचं किती आणि नाकारायचं किती, याच्या पातळ्या पोलादासाठी आयएसओ १३९१९-१ मध्ये आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी १३९१९-२ मध्ये दिल्या आहेत. गिऱ्हाइकाशी कुठली पातळी धरायची ते काम सुरू होण्याआधी लिहून घ्या.

मुळाशी एका बाजूची कड तशीच उभी दिसली, तर किरण सांध्यावरून सरकला आहे. शक्ती वाढवून हे सुटत नाही, जुळवणी परत करावी लागते. छिद्रं मुळाच्या टोकाशी रांगेत असतील, तर कीहोल कोसळतोय. वेग किंवा फोकस बदला, किंवा आरपार जोड घ्या. छिद्रं वरच्या भागात विखुरलेली असतील, तर दोष घाण किंवा गॅसचा. कडांना खाच पडली असेल, तर वेग जास्त आहे किंवा सांध्यात धातू कमी पडतोय.

कापलेला तुकडा फेकू नका. त्यावर तारीख, मालाचा ग्रेड, शक्ती, वेग, वॉबल, फोकसचा आकडा आणि गॅसचा प्रवाह कोरून किंवा चिकटवून जॉबच्या फाइलसोबत ठेवा. सहा महिन्यांनी तेच काम परत आलं, की त्या सेटिंगवर एक तुकडा जोडायचा, कापायचा आणि जुन्याच्या शेजारी ठेवून बघायचा.